ही बाजू वर

पोस्टात मी चौतीस वर्षं काढली आणि त्यातली अकरा पार्सलच्या खिडकीवर. मांजरपाटात शिवलेली, शिवणीवर लाखेचे ठिपके दिलेली पार्सलं. तासगावचे बेदाणे, सांगलीची हळद, मुंबईच्या लेकीला धाडलेले डिंकाचे लाडू. पार्सल नुसतं हातात घेतलं तरी ते वाटेत फुटणार की शाबूत पोचणार, हे मला काट्यावर ठेवायच्या आधी कळायचं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे माझ्या हातून जे झालं ते या अनुभवाला शोभणारं नव्हतं.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नात झाली, बारसं झालं, पाहुणे पांगले, आणि दिवाळी आठवड्यावर असताना लेकीच्या नावाने एक पार्सल आलं. खाजगी कुरिअरने आलं. त्यावर मी काहीही बोललो नाही, आणि मी बोललो नाही हे घरात सगळ्यांच्या लक्षात आलं. आत सव्वादोन मीटर लांबीचं जाड सुती कापड, त्याच्या एका टोकाला चुण्या घालून शिवलेल्या दोन ॲल्युमिनियमच्या कड्या आणि सोळा पानांचं माहितीपत्रक. आमच्या हिने कापड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, “पडदा बरा आहे. जोडीचा दुसरा कुठाय?”

तो पडदा नव्हता. बाळाला अंगावर बांधून हिंडायची ती स्लिंग होती. हिने पाच मिनिटांत तिची ‘झोळी’ करून टाकली. लेकीला ते आवडलं नाही. झोळी म्हटलं की डोळ्यांसमोर माधुकरी येते, आणि ही वस्तू माधुकरीच्या पैशात येणारी नव्हती. मी किंमत विचारली. “बाबा, तुम्ही किंमत विचारू नका,” लेक म्हणाली. म्हणजे कळलीच.

आता या झोळीचं शास्त्र. कड्यांची बाजू एका खांद्यावर, कापड पाठीवर पसरून दुसऱ्या बाजूच्या कमरेवरून पुढे आणायचं, दोन्ही कड्यांतून एकदम ओवायचं आणि मग वरच्या कडीवरून परत फिरवून खालच्या कडीतून काढायचं. दोन कड्यांचा जुना पट्टा ज्यांनी शाळेत वापरलाय त्यांना हे लगेच समजेल. कापडावर कापड दाबून बसतं, बाळाचं वजन पडलं की पकड आणखी घट्ट होते. गाठ नाही, बक्कल नाही, पिन नाही. ही कड्यांची युक्ती १९८१ साली हवाई बेटांवर रेनर गार्नर नावाच्या गृहस्थांनी आपल्या बायकोसाठी काढली. बायकोसाठी काही करायचं म्हणून मीही एकदा गॅसच्या शेगडीला स्टँड केला होता. त्याचं पुढे जगभर काही झालं नाही.

लेक पत्रक वाचून समजावत होती. रेल म्हणजे अमुक, टेल म्हणजे तमुक, प्लीट्स अशा पसरायच्या, टॉप रेल आधी ओढायची की बॉटम. जावईबापू फोनच्या पडद्यावरून पुण्याहून मान डोलवत होते. हिने थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे काठ, पदर आणि निऱ्या. मग सरळ सांग की.” पुढच्या तीन मिनिटांत चाळीस वर्षं साडी नेसलेल्या बाईने खांद्यावरच्या निऱ्या सारख्या केल्या, नातीला मोकळ्या खांद्याशी धरून हळूच आत सोडलं, वरचा काठ तिच्या मानेशी आणला, खालचा काठ एका गुडघ्यामागून दुसऱ्या गुडघ्यामागे नेला, पदर ओढला आणि दोन्ही हात मोकळे करून विचारलं, “चहा कोण कोण घेणार?”

“आई, नाही! गॅसपाशी जायचं नाही. गरम काही हातात घ्यायचं नाही. लिहिलंय,” लेक ओरडली.

“मग हात कशाला मोकळे केले?” ही म्हणाली. पत्रकात याला उत्तर नव्हतं.

माझी पाळी दुसऱ्या दिवशी आली. मला जन्मात निऱ्या घालायची वेळ आलेली नाही. सोवळं नेसलो ते लग्नाकार्यात, तेही भटजींनी मागून खोचून दिलं म्हणून अब्रू राहिली. पत्रकात म्हटलं होतं, की नवख्याने आधी बाहुलीवर किंवा तेवढ्याच वजनाच्या वस्तूवर सराव करावा, आणि करताना पलंगाजवळ उभं राहावं. घरात बाहुली नव्हती. पाच किलो तांदळाची पिशवी होती. नात तेव्हा चार किलो दोनशे भरली होती, म्हणजे आठशे ग्रॅम जास्तीची तयारी. वजनाचा हिशेब जमला की माझ्यातल्या पोस्टवाल्याला धीर येतो. कापड ओवलं, पिशवी बसवली, पदर ओढला. आरशात पाहिलं तर बरी दिसत होती, पिशवीही आणि मीही. पलंगाजवळ थांबायचं सोडून मी तसाच देवघरापर्यंत चालत गेलो आणि सवयीने नमस्काराला वाकलो.

पाच किलो आंबेमोहर देवापुढे सांडला. आवाज ऐकून ही आतून आली, एकदा तांदळाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “एवढ्या अक्षता कशाला?”

चुका दोन झाल्या होत्या. खालचा काठ मी घट्ट ओढला होता, वरचा तसाच ढिला. आणि वाकलो होतो कंबरेतून. बाळ अंगावर असताना कंबरेतून वाकायचं नसतं, गुडघ्यांत बसायचं असतं, एक हात बाळाच्या पाठीशी धरून. हे पान सहावर होतं. मी पान चारपर्यंत वाचलं होतं.

त्या रात्री मी पत्रक पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. आम्ही पार्सलांवर लिहायचो ‘नाजूक’, ‘जपून’, ‘ही बाजू वर’. इथे पाच सूचना होत्या. बाळ घट्ट असावं, मिठीत असल्यासारखं. ढिल्या कापडात ते खाली घसरतं आणि गोळा होतं. त्याचं तोंड सतत आपल्या नजरेसमोर असावं. मान जराशी खाली केली की टाळूचा पापा घेता यावा इतकं ते वर असावं. हनुवटी छातीला टेकलेली नसावी, मध्ये निदान दोन बोटं सरकावीत. आणि पाठीला आधार असावा. पहिल्या वाचनाला मला हे पाचही नियम म्हणजे परदेशी लोकांची हौस वाटली. पापा घ्यायला काय नियम लागतो?

पण कारणं खालीच दिली होती. लहान बाळाचं डोकं जड आणि मान लोण्याची. श्वासनलिका बारीक. डोकं पुढे कलून हनुवटी छातीत रुतली, तर ती नळी दुमडल्यासारखी होते, आणि एवढ्याशा जिवाला डोकं उचलून स्वतःला सोडवता येत नाही. ते रडत नाही, खोकत नाही, हातपायही झाडत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय शांत झोपलंय. अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१० साली याबद्दल जाहीर इशारा दिला, त्यात आधीच्या वीस वर्षांतल्या चौदा बाळांच्या मृत्यूंची नोंद होती, आणि चौदातली बारा चार महिन्यांच्या आतली होती. म्हणून पिशवीसारख्या खोल कापडात बाळाला आडवं, केळ्यासारखं वाकवून ठेवायचं नाही. उभं ठेवायचं, छातीला छाती, गाल आपल्या छातीवर, नाक मोकळं. अंगावर पाजताना थोडं खाली घेतलं, तरी पिऊन झाल्यावर पुन्हा वर. मी चष्मा काढला, उठलो आणि पाळण्यात झोपलेल्या नातीच्या नाकाशी बोट धरून आलो. मग पुन्हा एकदा जाऊन धरून आलो. सकाळी उठून पहिल्यांदा काठ ओढायला शिकलो, वरचा आधी.

मला जे जमलं ते घराबाहेर कुणालाच पसंत नव्हतं. मालिशवाल्या मावशी बसल्या बसल्या म्हणाल्या, “पाय फेंगडे होतील पोरीचे. बेडकासारखे काय बांधताय?” या मावशी रोज न्हाऊ घातल्यावर नातीचे पाय सरळ ताणून, दुपट्यात कांद्याच्या पातीच्या जुडीसारखे गुंडाळत. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी तर उलटंच सांगितलं. बाळाचा खुबा अजून पुरता घडलेला नसतो. पाय सरळ, एकमेकांना चिकटवून बांधले की तो जागेवरून सरकायची भीती. गुडघे ढुंगणापेक्षा वर आणि मांड्या फाकलेल्या, बेडकासारख्याच, ही खुब्याला मानवणारी बैठक. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि आपल्या नातवाला घेऊन चालत्या झाल्या. नातू कडेवर होता. पाय दोन्हीकडे फाकलेले, बेडकासारखे.

दुसरी तक्रार जास्त जुनी आणि जास्त पक्की: “हाताची सवय लागेल.” ही शेजारच्या काकूंची, वरच्या मजल्यावरच्या आजींची, फोनवरून विहीणबाईंची आणि खरं सांगायचं तर आमच्या हिचीही. पोर सारखं घेतलं की खाली ठेवलं जात नाही, ठेवलं की रडतं, हा आपल्याकडचा सिद्धान्त. लेकीने त्यावर माँट्रियलचा अभ्यास काढला. हुन्झिकर आणि बार या दोन डॉक्टरांनी तो १९८६ साली छापला. काही आयांना सांगितलं, की बाळ रडो न रडो, त्याला रोज निदान तीन तास जास्त अंगावर घ्या. सहा आठवड्यांची झाली तेव्हा ही बाळं इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती. संध्याकाळी तर ५१ टक्के कमी. “संध्याकाळी?” ही एकदम सावध झाली. तिन्हीसांजेला किरकिरणाऱ्या पोरांचं खातं आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मीठमोहऱ्यांकडे आहे. त्या दिवसापासून आमच्याकडे सात वाजता दृष्टही काढली जाते आणि झोळीही बांधली जाते. नात गप्प राहते. कशाने, हे ज्याचं त्याने आपापल्या खात्यावर जमा करावं.

हिचा शेवटचा आक्षेप होता, की एवढासा जीव बांधायचाच कशाला. तेव्हा लेकीने कोलंबियाचं सांगितलं. १९७८ साली बोगोटाच्या एका इस्पितळात बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या पुरेनात, म्हणून डॉक्टर एडगर रे सनाब्रिया यांनी कमी वजनाची तान्ही बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारूसारखी. त्यांना ऊब मिळाली, दूध मिळालं, बाळं तगली, आणि आता आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांतही हे शिकवतात. “मग हे नवीन काय आहे?” ही म्हणाली. त्यावर लेकीने चूक केली आणि ॲन मूर या अमेरिकन नर्सचीही गोष्ट सांगितली. त्या १९६० च्या दशकात आफ्रिकेत टोगोला गेल्या, तिथल्या बायका पोरं पाठीला बांधून कामं करताना पाहिल्या, घरी परत येऊन आपल्या आईकडून तसंच एक झोळणं शिवून घेतलं आणि १९६९ साली त्याचं पेटंट घेतलं. “पेटंट?” हिचा आवाज चढला. “पोर पाठीला बांधायचं पेटंट?” तो दिवस त्यातच गेला.

मीही मग जरा इतिहासात शिरलो. निवृत्त माणसाला तिथे जागा असते. झाशीची राणी १८५८ च्या एप्रिलात किल्ल्यातून बाहेर पडली, पाठीशी दामोदर बांधलेला. चित्र आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आहे. पण दामोदररावांचा जन्म १८४९ चा. म्हणजे तो तान्हा नव्हता, चांगला आठ वर्षांचा घोडा होता. पंचवीस किलोला कुठे गेला! आमच्या झोळीची मर्यादा पंधरा किलो आहे. शिवाय ती सायकलवर, स्कूटरवर आणि मोटारीत वापरू नये असं स्पष्ट लिहिलंय. चौथ्या वाहनाचा विचार लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

हिरकणीचं मात्र मला नव्याने वाईट वाटलं. कोजागिरीला दूध घालायला रायगडावर गेली ती बाळाला घरी ठेवून. दरवाजे बंद झाले आणि बिचारी रात्री कडा उतरली. पुढ्यात बाळ असतं तर गडावरच मुक्काम केला असता, मसाल्याचं दूध प्यायली असती. आपला एक बुरूज कमी झाला असता, एवढंच.

पण माझ्या खात्यातली गोष्ट सगळ्यांत भारी आहे, ती मी आल्यागेल्याला सांगतो. अमेरिकेत १९१३ च्या जानेवारीत पार्सलची टपाल सेवा सुरू झाली. त्याच महिन्यात ओहायोतल्या एका जोडप्याने आपलं आठ महिन्यांचं बाळ पार्सलने आजीकडे पाठवलं. वजनाची मर्यादा अकरा पौंड होती, बाळ पावणेअकरा भरलं. तिकिटं पंधरा सेंटची, विमा पन्नास डॉलरचा. पोस्टमनने मैलभर नेऊन आजीच्या हाती सुखरूप दिलं. पुढे खात्याने माणसं टपालाने घ्यायची बंदी केली. मी खिडकीवर असतो तर घेतलं नसतं. पन्नास डॉलरचा विमा फारच कमी होतो.

तर दिवाळीनंतर मी नातीला बांधायला लागलो. जमतं. पहिल्यांदा मोकळ्या खांद्यावर ढेकर काढायला धरतो तसं धरायचं, खालून तिचे पाय कापडातून ओढून घ्यायचे, ढुंगण खोलगट बसेल असं कापड गुडघ्यांपर्यंत सारायचं, मग वरचा काठ, खालचा काठ, मधलं. आरशात एकदा बघायचं. दोन बोटं हनुवटीखाली. थंडीतही तिला कुंची-स्वेटर चढवून आत कोंबायचं नाही, कापड आणि माझं अंग मिळून एक गोधडी होतेच. शिवणी आणि कड्या दर आठवड्याला उजेडात धरून बघायच्या, ते काम मी कुणाला देत नाही.

बांधल्यावर काही गोष्टी कळतात ज्या पत्रकात नाहीत. स्वतःचे पाय दिसत नाहीत, त्यामुळे चपला कुणाच्या घातल्यात हे कोपऱ्यावर गेल्यावर समजतं. पायजम्याची नाडी आधी बांधून घ्यावी लागते. शिंक आली तर ती गिळावी लागते. साठीत गिळलेली शिंक कानातून निघते. आणि बसता येत नाही. चालत असलात की पोर गाढ झोपलेलं, टेकलात की डोळे टक्क उघडे. विक्रमाच्या खांद्यावरचं प्रेत तो बोलला की झाडावर जायचं, आमचं बसलं की. मला वाटलं ही आमच्याच नातीची खोड. पण जपानातल्या संशोधकांनी याचाही अभ्यास केलाय. उचलून चालू लागलं की बाळाच्या छातीचे ठोके मंदावतात, ते निवांत होतं. आणि झोपलेल्या बाळाला लगेच खाली ठेवलं तर जाग येते. म्हणून पाच मिनिटं सारखं चालायचं, झोपलं की आणखी पाच ते आठ मिनिटं बसून थांबायचं, मग ठेवायचं. मी घड्याळ लावून हे करून पाहिलं. दहापैकी सहा वेळा माल शाबूत पोचला. खात्यात असतो तर चौकशी लागली असती, घरात हिने पाठ थोपटली.

डिसेंबरात सकाळच्या उन्हाला मी तिला घेऊन गावाबाहेरच्या रस्त्याला जाऊ लागलो. तिथे उसाचा फड लागला होता. तोडायला बीडकडची माणसं आलेली, बैलगाड्या सोडलेल्या. बाभळीच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी टांगलेली आणि सहा-सात वर्षांची एक पोरगी तिची दोरी ओढत बसलेली. मला पाहून मोळी बांधणारी बाई उभी राहिली.

“काय वं बाबा, घरात बाईमाणूस न्हाई का?”

“आहेत की. दोन आहेत. झोपल्यात.”

हे तिला फार आवडलं. तिने बाकीच्या बायकांना हाक मारून पुन्हा सांगितलं. मग पदराला हात पुसून जवळ आली, कड्या बोटांनी फिरवून बघितल्या, पदर ओढून बघितला. मी विचारलं, तुम्ही पोर असं अंगावर का बांधत नाही? तिने ट्रॉलीकडे बोट केलं. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून वर चढायचं असतं. पुढ्यात पोर असेल तर पायाखालची फळी कशी दिसणार? म्हणून पोर बाभळीला आणि थोरली दोरीला. माझ्याकडे यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. चपलासुद्धा न दिसणारा माणूस मी.

“कितीला घेतलं?” तिने विचारलं.

खरी किंमत सांगायचं माझ्या जिवावर आलं. “दोनशे,” मी म्हणालो.

तिने कापड सोडलं. “फसिवलं की तुमास्नी,” म्हणाली, आणि कोयता घेऊन फडात गेली.

तेव्हा सांगलीत कुणाला मी असा छातीशी पार्सल बांधून चालताना दिसलो, तर एवढी विनंती आहे. तोंड बघायला कापड सारू नका, ती आत्ताच झोपलीय. नाक मोकळं आहे, हनुवटीखाली दोन बोटं बसतात, पाय बेडकासारखेच हवेत, डॉक्टरांना विचारलेलं आहे. मला थांबवू नका, चालता चालता बोला. आणि किंमत दोनशे रुपये.